तांब्याने जाळलेले खोरे

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर टावे नदी जिथे स्वान्झीच्या उपसागराला मिळते, तिथून वरच्या अंगाला चार-पाच किलोमीटर पसरलेले तिचे खोरे १९६०च्या सुमारास ब्रिटनमधील औद्योगिक पडीक जमिनीचा सर्वांत मोठा सलग पट्टा म्हणून ओळखले जात होते. सुमारे १,२०० एकरांच्या या पट्ट्यात सत्तर लाख टनांच्या आसपास मळीचे आणि राखेचे ढिगारे उभे होते. त्यांच्या आसपास छपरे उडालेल्या भट्टीघरांच्या भिंती, वापरातून गेलेले कालवे आणि गंजलेले रूळ पडून होते. पूर्वेच्या किल्वी टेकडीवर जिथे पूर्वी ओक आणि बर्च यांचे रान होते, तिथे पावसाने घळी पाडलेली उघडी माती उरली होती. आज त्याच टेकडीवर झाडी आहे, नदीकाठाने पायवाट जाते, जुन्या कारखान्यांच्या जागी क्रीडागार, दुकाने आणि घरे उभी आहेत. आणि दूषित औद्योगिक जमिनीच्या पुनर्वसनाच्या जागतिक इतिहासात या खोऱ्याचे नाव यशाचे उदाहरण म्हणून घेतले जाते. ते यश खरे आहे, परंतु ते नेमके कशाचे यश आहे हे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण खोऱ्यातले विष नाहीसे झालेले नाही. त्यातले काही उचलून दुसरीकडे नेले गेले, काही मातीखाली झाकले गेले, काही झाडांच्या मुळांनी जागच्या जागी धरून ठेवले, आणि काही आजही पाण्याबरोबर वाहते आहे.

तांब्याचे खनिज स्वान्झीत निघत नव्हते. तिथे निघत होता तो कोळसा, आणि या कारखानदारीचे सारे गणित त्या कोळशावर बेतलेले होते. एक टन खनिज वितळवायला त्या काळच्या भट्ट्यांना सुमारे तीन टन कोळसा लागत असे. त्यामुळे कोळसा खाणीकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणणे स्वस्त पडे, आणि कॉर्नवॉलचे खनिज समुद्रमार्गे येऊन गलबतांतून थेट नदीकाठच्या धक्क्यांवर उतरवता येई. १७१७ साली लँडोर येथे या खोऱ्यातला पहिला तांब्याचा कारखाना निघाला, १७३७ मध्ये पूर्व काठावर व्हाइट रॉक उभा राहिला, १८१० मध्ये कॉर्नवॉलच्या व्हिव्हियन घराण्याने पश्चिम काठावर हॅवडचा कारखाना काढला, आणि १८३५ मध्ये त्याला लागूनच प्रतिस्पर्ध्यांच्या मोर्वा कारखान्यात भट्ट्या पेटल्या. कॉर्नवॉलचे खनिज पुरेनासे झाले तेव्हा ते क्यूबाहून आणि केप हॉर्नला वळसा घालून चिलीहून येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये वितळवल्या जाणाऱ्या तांब्यापैकी बहुतांश तांबे स्वान्झी आणि तिच्या आसपासच्या काही मैलांच्या टापूत तयार होत असे, आणि जगाच्या बाजारातही त्याचा वाटा फार मोठा होता.

या तांब्याच्या वाटा तपासल्या म्हणजे खोऱ्याच्या काळ्या मातीचा संबंध किती दूरच्या माणसांशी होता हे कळते. पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या मोबदल्यात दिली जाणारी तांब्या-पितळेची कडी याच उद्योगातून जात, आणि क्यूबातील एल कोब्रेच्या खाणीत गुलाम राबत असत. हिंदुस्थानात तांब्याला मोठी मागणी होती. इथल्या तांबटांच्या हाताला डच व्यापाऱ्यांनी आणलेल्या जपानी तांब्याच्या छोट्या लालसर कांबी सरावलेल्या होत्या, म्हणून ब्रिटिश कारखानदार हुबेहूब तशाच रंगाच्या आणि आकाराच्या कांबी ओतीत, त्यांना ‘जपानी तांबे’ असेच नाव देत, आणि ईस्ट इंडिया कंपनी ते तांबे जहाजांत भरून आपल्याकडे पाठवीत असे. हंडे, घागरी, पराती आणि नाणी यांच्या रूपाने जो धातू घरोघर पोहोचला, त्यातल्या काही भागाची मळी टावेच्या काठावर साचत होती.

ही मळी आणि तिच्यासोबतचा धूर कसा निर्माण होई हे समजून घेतल्याशिवाय पुढची दीडशे वर्षे समजत नाहीत. तांब्याचे बरेचसे खनिज गंधकयुक्त असते, त्यात लोखंड असते आणि अनेकदा सोमलही असतो. ज्याला वेल्श पद्धत म्हणत तिच्यात हे खनिज परावर्तन भट्टीत, म्हणजे जिच्यात इंधन एका कप्प्यात जळते आणि ज्वाळा कमानदार छतावरून परतून दुसऱ्या कप्प्यातल्या खनिजावर पडते अशा भट्टीत, आलटून पालटून भाजले आणि वितळवले जाई. प्रत्येक भाजणीत गंधकाचा काही भाग जळून सल्फर डायऑक्साइड वायू होई, सोमलाची वाफ होई, आणि प्रत्येक वितळणीत लोखंड वाळूतील सिलिकाशी संयोग पावून काळी, काचेसारखी मळी बनून वर तरंगे. कामगार ती बाजूला काढून चौकोनी साच्यांत ओतीत. स्वान्झीतल्या जुन्या भिंतींच्या माथ्यावर हे काळे, जड, कडेला किंचित चकाकणारे ठोकळे बसवलेले आजही दिसतात. ज्या मळीला असा उपयोग सापडला नाही ती कारखान्याच्या दाराशीच टाकली गेली, आणि तीत पूर्णपणे न निघालेले तांबे शिल्लक राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोऱ्यात जस्ताच्या भट्ट्या वाढल्या; त्यांची राख तांब्याच्या मळीपेक्षा बारीक होती आणि तिच्यात जस्त, शिसे आणि कॅडमियम ही विद्राव्य होऊ शकणारी मूलद्रव्ये अधिक होती, त्यामुळे पुढे सर्वांत चिवट दुखणे तिनेच निर्माण केले.

धुराविरुद्ध तक्रार नव्हती असे नाही. १८२१ साली स्वान्झीच्या नागरिकांनी वर्गणी काढून, तांब्याच्या धुराचा उपद्रव दूर करणाऱ्यास एक हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. हॅवडचे मालक जॉन हेन्री व्हिव्हियन यांनी मायकेल फॅरडे आणि रिचर्ड फिलिप्स या रसायनशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला, लांबलचक धुराडी बांधून त्यांत पाण्याचे फवारे सोडण्याचे प्रयोग केले, आणि धुराचा काही अंश पाण्यात उतरवूनही दाखवला. परंतु समस्या सुटली नाही. १८३३ मध्ये शेतकऱ्यांनी व्हिव्हियन यांच्यावर दावा लावला. गवत करपते, गुरांचे सांधे सुजतात, जनावरे लंगडी होऊन मरतात असे त्यांचे म्हणणे होते. निकाल शेतकऱ्यांविरुद्ध गेला. त्याच्या आदल्या वर्षी व्हिव्हियन स्वान्झीचे खासदार म्हणून पार्लमेंटात गेले होते, ही गोष्ट त्या काळच्या सत्तासंबंधांची कल्पना देण्यास पुरेशी आहे. धूर तापाच्या साथींना आळा घालतो, असे छातीठोकपणे सांगणारेही त्या काळी होते. गंधकाचा वायू पकडून त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनवण्याची भट्टी हॅवडमध्ये १८६०च्या दशकात बसली. धुरातला वायू विकता येतो हे कळल्यावर तो पकडण्याची सोय झाली, तोवर किल्वी टेकडीवरचे रान संपले होते.

वाऱ्याची दिशाही इथे महत्त्वाची ठरली. या किनाऱ्यावर वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून धूर खोऱ्याच्या पूर्व बाजूला आणि टेकडीवर जाई, तर शहराची पश्चिम बाजू त्यातून वाचे. व्हिव्हियन कुटुंबाचे सिंगल्टन ॲबी हे निवासस्थान पश्चिमेला, समुद्राच्या जवळ होते. पुढे १९२० साली स्थापन झालेल्या विद्यापीठ महाविद्यालयाचा संसार याच वास्तूत थाटला गेला, आणि खोऱ्याच्या पुनर्वसनाचा पहिला शास्त्रीय विचार त्याच महाविद्यालयातून पुढे आला.

तांब्याची भट्टी खाणीच्या तोंडाशीच लावणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर शक्य होऊ लागले तेव्हा स्वान्झीचा पाया खचला. खनिज वितळवण्याचे काम पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत थांबले. हॅवड आणि मोर्वा १९२४ मध्ये एकत्र आले आणि बाहेरून आणलेल्या तांब्याचे पत्रे व नळ्या लाटण्याचे काम तिथे १९८०पर्यंत चालू राहिले. एकेक कारखाना बंद होताना त्याची जमीन कोणाची, ढिगारे कोणी हलवायचे, धुराड्यांचे काय करायचे, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. कंपन्या विकल्या गेल्या, विलीन झाल्या, काही नाममात्र उरल्या. आणि जमिनीचे तुकडे अशा असंख्य मालकांच्या हाती गेले की ज्यांपैकी एकालाही त्यावर पैसे घालण्यात हित नव्हते. ढिगाऱ्याला किंमत येई ती फक्त रस्त्याच्या भरावासाठी खडी हवी असेल तेव्हा. दूषित जमीन पडीक राहण्याचे कारण विष एवढेच नसते, मालकीचा हा गुंता त्याहून जुनाट दुखणे ठरतो. आणि हे दुखणे स्वान्झीने पहिल्यांदा नीट निदान करून मांडले, यात तिच्या प्रयोगाचे मोठेपण आहे.

लंडनहून येणारी आगगाडी लँडोरच्या उंच पुलावरून हे खोरे ओलांडून स्वान्झीत शिरते, त्यामुळे शहराचे पहिले दर्शन प्रत्येक पाहुण्याला या उजाड ढिगाऱ्यांचे होई. विद्यापीठ महाविद्यालयात समाजकार्याचे अभ्यासक्रम चालवणारे रॉबिन ह्यूज जोन्स यांनी ही लाज झटकून टाकण्याऐवजी तिला संशोधनाचा विषय केले. १९६१ साली त्यांच्या पुढाकाराने ‘लोअर स्वान्झी व्हॅली प्रोजेक्ट’ सुरू झाला. नफील्ड फाउंडेशन, सरकारी संशोधन खाते, नगरपालिका आणि स्थानिक उद्योग यांनी पैसा दिला, आणि के. जे. हिल्टन संचालक झाले. या प्रकल्पाने पहिली काही वर्षे मोठे यंत्र लावले नाही, त्याने मोजले. जमीन कोणाची, ढिगारा कशाचा, त्याखालचा खडक कसा, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, भोवतालच्या वस्तीत कोण राहते आणि त्यांना काय हवे आहे, वाहतूक कशी वळवता येईल, यांपैकी प्रत्येक प्रश्नावर भूगर्भशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांनी स्वतंत्र अहवाल लिहिले, आणि १९६७ मध्ये ते सारे एका ग्रंथात प्रसिद्ध झाले. सामाजिक शास्त्राच्या एका अध्यापकाने सुरू केलेले काम निसर्गविज्ञानाच्या अंगाने इतके खोल गेले याचे कारण हे की जमीन, पैसा आणि माणसे ही तीन वेगळी प्रकरणे मानायची नाहीत असे त्याने सुरुवातीलाच ठरवले होते.

या अभ्यासातला सर्वांत समृद्ध भाग वनस्पतिशास्त्राचा आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. तेल किंवा सांडपाणी यांसारखे सेंद्रिय प्रदूषण जीवाणू हळूहळू खाऊन टाकू शकतात. जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्याने त्यांचे विघटन होऊच शकत नाही, ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जातात. माती आम्लधर्मी असेल तर ती पाण्यात अधिक विरघळतात, आणि विरघळलेला धातू मुळाच्या टोकापाशी वाढ थांबवतो. साधे गवत अशा ढिगाऱ्यावर पेरले तर बी रुजते, कोंब वर येतो, आणि मूळ काही मिलिमीटरांवर आखडून रोप वाळते. शिवाय मळी पाणी धरत नाही, उन्हात तापते, आणि तिच्यात नत्र व स्फुरद जवळजवळ नसतात; म्हणजे विष काढून टाकले असते तरी तिथे उपासमार होती.

गॉर्डन गुडमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दोन अडचणींसाठी दोन वेगळे उपाय तपासले. पहिला उपाय जुन्या खाणींवरून आला. बँगोर येथे ए. डी. ब्रॅडशॉ यांनी १९५०च्या दशकात असे दाखवले होते की वेल्समधल्या जुन्या शिशाच्या आणि तांब्याच्या खाणींच्या कचऱ्यावर उगवणारे ॲग्रॉस्टिस जातीचे गवत शेजारच्या कुरणातल्या त्याच जातीच्या गवतापेक्षा कितीतरी अधिक धातू सहन करते. कुरणातल्या हजारो बियांत धातू सहन करू शकणारी एखाद-दुसरीच असते. चांगल्या जमिनीत तिला काही वेगळा लाभ नसतो, परंतु खाणीच्या कचऱ्यावर बाकीच्या सगळ्या मरतात आणि तीच वाढून बी धरते, म्हणून काही पिढ्यांतच त्या जागेवर सहनशील वाण तयार होते. नैसर्गिक निवड लाखो वर्षांऐवजी माणसाच्या हयातीत घडताना दाखवणारे हे विज्ञानातले एक स्वच्छ उदाहरण आहे. सहनशीलता मोजायची रीतही साधी होती: रोप धातू मिसळलेल्या द्रावणात ठेवून त्याच्या मुळाची वाढ साध्या द्रावणातल्या मुळाशी ताडून पाहायची. या वाणांचे बी पुढे विक्रीसाठीही तयार झाले, आणि वेल्समधल्या जुन्या खाणींची गोगिनान, पॅरिस अशी नावे त्यांना मिळाली.

दुसरा उपाय सेंद्रिय पदार्थांचा होता. शहराच्या सांडपाण्याचा सुकवलेला गाळ आणि घरगुती कचरा ढिगाऱ्यांवर पसरला असता त्यातले सेंद्रिय रेणू धातूला पकडून ठेवतात, त्यामुळे मुळापर्यंत पोहोचणारा विद्राव्य अंश कमी होतो; त्याच वेळी नत्र मिळते आणि पाणी धरून ठेवले जाते. १९६५ साली या प्रयोगांवर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत गुडमन यांच्यासोबत पी. डी. गाडगीळ हे नाव आढळते, आणि धातूसहनशीलतेचा औद्योगिक कचऱ्याच्या पुनर्वसनासाठी कसा उपयोग होईल यावरचा रूथ गाडगीळ यांचा निबंध १९६९ मध्ये आला. पुढे हे दोघे न्यूझीलंडमधल्या वनसंशोधन संस्थेत गेले, आणि पाइनच्या मुळांशी राहणारी बुरशी जमिनीवरच्या पालापाचोळ्याचे कुजणे मंदावते हा त्यांचा १९७१चा निष्कर्ष आज जगभरच्या मृदाविज्ञानात ‘गाडगीळ परिणाम’ या नावाने शिकवला जातो. मराठी आडनाव धारण करणारा हा सिद्धांत आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, आणि त्याच्या कर्त्यांच्या कामाचा एक आरंभबिंदू स्वान्झीच्या विषारी मळीवर होता हे तर त्याहून कमी जणांना माहीत असेल.

या प्रयोगांनी एक मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदवली. गाळ कुजून संपला की त्याने पकडलेला धातू पुन्हा सुटतो. सहनशील गवताला खत मिळणे बंद झाले की तेही विरळ होते. म्हणजे गवत लावणे ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नव्हती, तिथे वर्षानुवर्षे राखण करणारी व्यवस्था हवी होती. वनस्पती इथे विष काढून घेत नव्हत्या, त्या माती जागेवर बांधून ठेवीत होत्या, जेणेकरून वाऱ्याने धूळ उडू नये आणि पावसाने ती नदीत जाऊ नये. दूषित जमिनीच्या शास्त्रात आज स्रोत, मार्ग आणि ग्राही अशी त्रिसूत्री वापरली जाते: विष कुठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते, आणि अखेर कोणाला पोहोचते. स्रोत हलवता येत नसेल तर मार्ग तोडावा, हे तिचे एक सूत्र आहे आणि गवताने नेमके तेच केले.

झाडांची गोष्ट माणसांच्या अंगाने अधिक सांगण्यासारखी आहे. वनखात्याच्या मदतीने टेकडीच्या उतारांवर लार्च, पाइन, बर्च यांची रोपे लावली गेली. पहिल्या वर्षांत ती उपटली गेली आणि रानाला आगी लावल्या गेल्या. भोवतालच्या वस्तीतल्या मुलांना ही जमीन पिढ्यान्पिढ्या कोणाचीच नसलेली म्हणून माहीत होती, आणि तिच्यावर लावलेले झाडही कोणाचेच नव्हते. कुंपण आणि दंड यांनी हे थांबणार नाही असे ओळखून प्रकल्पाने एका संरक्षकाची नेमणूक केली. तो शाळाशाळांत गेला, आणि रोपे लावण्याचे काम त्याच मुलांच्या हाती दिले. ज्या मुलाने खड्डा खणून मुळांभोवती माती दाबली आहे तो त्या रोपाजवळ आग पेटू देत नाही. नासधूस कमी झाली, आणि ती मुले मोठी होऊन आपल्या मुलांना तिथे घेऊन जाऊ लागली. अलीकडे किल्वी टेकडीवर केबल कार आणि मनोरंजनकेंद्र यांचा प्रकल्प आखला गेला तेव्हा झाडे वाचवण्यासाठी रहिवासी जोमाने पुढे आले. ज्या टेकडीकडे १९६०मध्ये कोणी वळून पाहत नव्हते तिच्यासाठी लोक भांडतात, हेही त्या लागवडीचे फळ मानायला हवे.

अहवाल लिहून झाला तरी पैसा आणि अधिकार यांचा प्रश्न उरत होता, आणि तो सोडवणारी घटना दुसऱ्याच खोऱ्यात घडली. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी ॲबरव्हॅन या वेल्श गावावर कोळशाच्या खाणीचा ढिगारा घसरला आणि १४४ माणसे मेली, त्यांपैकी ११६ मुले होती. ढिगारा ही दिसायला वाईट पण निरुपद्रवी वस्तू आहे, ही समजूत त्या सकाळी गाडली गेली. वेल्समधल्या पडीक जमिनींसाठी सरकारने स्वतंत्र विभाग काढला, साफसफाईच्या खर्चासाठी अनुदाने मिळू लागली, आणि स्वान्झीच्या नगरपालिकेने जमिनीचे तुकडे एकेक करून विकत घेण्यास सुरुवात केली. सार्वजनिक मालकी आल्याबरोबर जे दशकानुदशके अडले होते ते काही वर्षांत हलले: सैन्याच्या अभियंत्यांनी आणि कंत्राटदारांनी पडक्या इमारती पाडल्या, ढिगारे सपाट केले, काही मळी भरावासाठी गेली, उरलेली पसरून तिच्यावर माती टाकली गेली. १९८१ मध्ये खोऱ्याचा मोठा भाग ब्रिटनमधल्या पहिल्या ‘एंटरप्राइझ झोन’पैकी एक म्हणून जाहीर झाला, म्हणजे दहा वर्षे स्थानिक कर माफ आणि इमारतींच्या खर्चावर करसवलत; त्यामुळे कारखान्यांबरोबरच मोठी दुकानेही तिथे आली. २००५ साली मोर्वाच्या जमिनीवर वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतील असे क्रीडागार उभे राहिले.

या वेगाची किंमत मोजावी लागली. १९६७च्या ग्रंथात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा मांडला होता. ७०-८०च्या दशकांतल्या कामात बऱ्याच ठिकाणी तो भेद पुसला गेला, कारण बुलडोझरला तांब्याची मळी आणि जस्ताची राख यांतला फरक दिसत नाही. करमाफीने दुकाने खोऱ्यात ओढली तेव्हा शहराच्या मध्यावरचा व्यापार रोडावला. आणि जगाच्या औद्योगिक इतिहासातली अनन्यसाधारण अशी भट्टीघरे, जी आज जतन केली असती, ती लाज म्हणून पाडली गेली. हॅवड-मोर्वाच्या थोड्या इमारती तेवढ्या उरल्या. त्यांपैकी काहींचे जतन विद्यापीठ आणि नगरपालिका यांनी मिळून केले, आणि जुन्या वीजघरात २०२३ मध्ये व्हिस्कीची डिस्टिलरी सुरू झाली. साफसफाई आणि विस्मरण एकाच यंत्राने करायचे नसते, हे तिथल्या लोकांना थोडे उशिरा कळले.

नदीची कथा जमिनीपेक्षा अधिक अडचणीची आहे. १९९२ साली टावेच्या मुखाजवळ बंधारा बांधला गेला, हेतू असा की भरती-ओहोटीने उघडा पडणारा चिखल झाकला जावा आणि शहराला बारमाही जलाशयाचा किनारा मिळावा. परंतु भरतीचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते; ते बंधाऱ्यावरून आत आले की तळाशी थर करून बसते, वरच्या पाण्यात मिसळत नाही, आणि त्यातला प्राणवायू संपत जातो. पाण्यात हवा सोडणारी यंत्रे बसवावी लागली. किनारा देखणा करण्यासाठी केलेल्या कामाने नदीच्या श्वासावर आघात केला, आणि तो भरून काढण्याचा खर्च कायमचा मागे लागला.

त्याहून चिवट प्रश्न वेंड्रॉड नावाच्या लहानशा ओढ्याचा आहे. तो पूर्वीच्या जस्तभट्ट्यांच्या टापूतून, आजच्या औद्योगिक वसाहतीच्या मधून, काही अंतर गटारनळांतून वाहत येऊन टावेला मिळतो. पुराचे पाणी साठवण्यासाठी या वसाहतीत तयार केलेल्या वेंड्रॉड तळ्यावर बदके पोहतात, बांधावर लोक फिरायला येतात. आणि ओढ्याचे पाणी सपाट केलेल्या राखेतून झिरपणारे जस्त आणि कॅडमियम घेऊन वाहते, त्यातले काही तळ्याच्या गाळात बसते, उरलेले नदीला मिळते. जस्त माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करते. कॅडमियम शरीरात साचत जाते आणि मूत्रपिंडाला व हाडांना इजा करते. जमीन सपाट करून झाकली तेव्हा धूळ थांबली, परंतु भूजलाचा मार्ग उघडाच राहिला. त्रिसूत्रीच्या भाषेत सांगायचे तर हवेचा मार्ग तोडला गेला आणि पाण्याचा तसाच राहिला.

ब्रिटनमध्ये दूषित जमिनीचा स्वतंत्र कायदा अंमलात यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. वेल्समध्ये तो २००१ मध्ये लागू झाला. त्याचे तत्त्व असे की ज्याने दूषित केले त्याने खर्च द्यावा, आणि तो सापडत नसेल तर जमिनीच्या विद्यमान मालकाने. जमीन पूर्णपणे शुद्ध करावी असे हा कायदा म्हणत नाही. तिचा जो वापर होतो आहे त्याला ती धोकादायक असू नये, एवढे तो मागतो. म्हणजे वाहनतळाखाली असलेली माती बालवाडीच्या अंगणाखाली चालणार नाही. हे धोरण व्यवहार्य आहे, कारण सत्तर लाख टन मळी धुऊन काढण्याएवढा पैसा कोणत्याही नगरपालिकेकडे नसतो. पण त्यात एक अट दडलेली आहे: जमिनीखाली काय आहे याची नोंद पिढ्यान्पिढ्या टिकली पाहिजे, नाहीतर उद्याचा बांधकाम व्यावसायिक वाहनतळ फोडून तिथे घरे बांधेल आणि कोणाला आठवणार नाही. स्वान्झीत व्हिव्हियन आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांकडून खर्च वसूल करण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. तो सारा खर्च करदात्यांनी दिला.

म्हणून या खोऱ्याचे पुनर्वसन कशामुळे शक्य झाले याचे उत्तर देताना गवताच्या वाणाला किंवा बुलडोझरला पहिला मान देता येत नाही. तो १९६१ ते १९६७ या काळातल्या मोजणीला आणि त्यानंतरच्या सार्वजनिक खरेदीला द्यावा लागतो. मोजणीमुळे कोणत्या मातीला काय लागेल हे समजले. खरेदीमुळे ते करण्याचा अधिकार एका हाती आला. या दोहोंपैकी एक जरी नसते तरी मुलांनी लावलेली रोपे पुढच्या उन्हाळ्यात जळाली असती. आणि जिथे मोजणीचे म्हणणे ऐकले गेले नाही, तिथेच आज त्रुटी दिसते. टावेकाठी झाडे उभी आहेत, टेकडी पुन्हा हिरवी आहे, आणि ज्या पिढीने ती उजाड पाहिली तिच्या दृष्टीने हे थोर काम आहे. परंतु वेंड्रॉडच्या पाण्यात जस्त आणि कॅडमियम वाहते आहे तोवर स्वान्झीच्या खोऱ्याची साफसफाई पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. ती अर्धी झाली आहे, आणि उरलेली अर्धी जमिनीखाली आहे.